देह नावाचा गुरू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या सप्ताहात, तिसऱ्या दिवसाचे वाचन आटोपून मी चपला घालत होतो. तेवढ्यात एक गृहस्थ जवळ आले. पहिल्यांदाच पारायणाला बसले होते. हळूच म्हणाले, "काका, एक विचारू का? सप्ताहात बीपीची गोळी घेतली तर चालते ना? नेमाला बाधा नाही ना येत?"

प्रश्न साधा होता, पण माझ्या तोंडून पटकन शब्द फुटेना. ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना काय ठाऊक, की जवळजवळ हाच प्रश्न माझ्या थोरल्या भावाने मला २००८ साली विचारला होता आणि तेव्हा मी चुकीचे उत्तर दिले होते. त्या उत्तराचे ओझे अजून उतरलेले नाही. अंकासाठी काही लिहा असे संपादक मंडळींनी सांगितले तेव्हा ठरवले, या वर्षी तेच लिहायचे.

दादा घाटकोपरला राहायचा. खासगी कंपनीत हिशेब बघायचा. आमच्या घरात दत्तभक्ती वडिलांपासून आली, पण ती खऱ्या अर्थाने मुरली ती दादात. गुरुवारचा उपवास, रोजचा अध्याय, वर्षातून एकदा गाणगापूर. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कंपनीच्या तपासणीत त्याला रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी सकाळची एक गोळी लिहून दिली. दोन-तीन वर्षे त्याने ती घेतलीही.

त्या वर्षी गुरुप्रतिपदेला तो गाणगापूरला जाऊन आला. मी मुलुंडहून त्याला भेटायला गेलो. गॅलरीत बसलो होतो. तो म्हणाला, "गोळी बंद केली रे मी. पादुकांसमोर उभा होतो, मनात आलं, आता सगळा भार महाराजांवर. भार टाकायचा आणि खिशात गोळीही ठेवायची, हे काही खरं नव्हे. तुला काय वाटतं?"

तिथे त्याला कोणी पुजाऱ्याने किंवा सेवेकऱ्याने असे सांगितले नव्हते. त्याने आपल्या मनानेच ठरवले होते. पण त्याने मला विचारले होते. मनात थोडी कुठे शंका आली, असेल त्याला. आणि मी काय म्हणालो? "श्रद्धा असावी तर अशी."

दिवाळीनंतर एका सकाळी चहाचा कप त्याच्या हातातून सुटला. बोलणे जड झाले. घरच्यांना वाटले, अशक्तपणा असेल, पित्त झाले असेल. हाताला तेल लावले, लिंबाचे सरबत दिले, पडून राहायला सांगितले. दुपारी तोंड वाकडे दिसू लागले तेव्हा रुग्णालयात नेले. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली. त्यानंतर तो चार वर्षे जगला, अंथरुणावर.

त्या चार वर्षांत मी दर रविवारी घाटकोपरला जायचो. दादा माझ्याकडे बघून हसायचा, डावा हात कपाळाला लावून नमस्कार करायचा. त्याने कधी तक्रार केली नाही. पण वहिनींना मी त्या चार वर्षांत म्हाताऱ्या होताना पाहिले. कूस बदलायची, अंग पुसायचे, भरवायचे, रात्री तीन-तीनदा उठायचे. त्यांचे गुडघे गेले. स्वतःची तपासणी करायला त्यांना सवडच झाली नाही. एका संध्याकाळी देवापाशी दिवा लावून त्या बाहेर आल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "भावोजी, हे म्हणायचे, भार महाराजांवर टाकला. महाराजांनी तो माझ्या खांद्यावर ठेवला, एवढंच."

त्यात राग नव्हता. म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागले. त्या दिवसापासून मी एकाच प्रश्नाचा विचार करतो आहे. देहाची काळजी घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे का? आणि ती न घेणे म्हणजे खरोखर समर्पण का?

आपल्यासारख्या भाविकांच्या तोंडी याबाबत तीन वाक्ये असतात. तिन्ही मी स्वतः बोललेलो आहे, म्हणून ती तपासण्याचा मला अधिकार आहे असे समजतो.

पहिले वाक्य, "जे प्रारब्धात आहे ते चुकत नाही." खरे आहे. पण आपल्याच शास्त्राने कर्माचे तीन भाग सांगितले आहेत: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. सुटलेला बाण प्रारब्ध. भात्यातले बाण संचित. आणि आत्ता हातात धरलेला बाण क्रियमाण. आईवडिलांकडून मधुमेहाचा कल आला, हे प्रारब्ध म्हणा हवे तर. पण आज जेवणानंतर अर्धा तास चालायचे की टीव्हीसमोर बसून दुसऱ्यांदा श्रीखंड घ्यायचे, हे प्रारब्ध कसे? तो हातातला बाण आहे. प्रारब्धाच्या नावावर आपण पुष्कळदा आपला आळस खपवतो.

दुसरे वाक्य, "देह नाशवंत आहे, त्याचे काय एवढे लाड करायचे?" हे वाक्य ऐकायला फार उंच वाटते. पण आपले आराध्य दैवत याबद्दल काय म्हणते? भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आणि यदुराजा यांचा संवाद आहे. हे अवधूत म्हणजे श्रीदत्तात्रेय, असे आपण परंपरेने मानतो. नाथांनी आपल्या भागवतात हा भाग फार प्रेमाने उलगडला आहे. पृथ्वी, वायू, समुद्र, अजगर, मधमाशी, हत्ती असे चोवीस गुरू आपल्याला तोंडपाठ असतात. पण चोविसांची मोजदाद संपल्यावर अवधूत आणखी एक गुरू सांगतात, त्याकडे आपले लक्ष जात नाही. तो गुरू म्हणजे स्वतःचा देह. ते सांगतात, हा देह मला वैराग्य शिकवतो आणि विवेकही शिकवतो. तो शेवटी आपला नाही हेही ते सांगतात, आणि हा नरदेह दुर्लभ आहे, तो पडण्याआधी कल्याण साधून घ्या असेही सांगतात.

म्हणजे पाहा, देह नाशवंत आहे हे खुद्द अवधूतांनी मान्य केले, पण म्हणून त्यांनी देहाला कचरा म्हटले नाही. त्याला गुरू म्हटले. आता गुरूची सेवा म्हणजे काय? गुरूला नटवणे ही काही सेवा नव्हे. गुरूचे ऐकणे ही सेवा. देह बोलतो. जिना चढताना छाती भरून येते, रात्री चार वेळा उठावे लागते, तळपायाला मुंग्या येतात, जखम महिनाभर भरत नाही. हे सगळे त्या गुरूचे बोल आहेत. आपण म्हणतो, "वय झालं, व्हायचंच." गुरू बोलत असताना कान झाकून घेतल्यासारखेच आहे ते.

आणि काही वेळा हा गुरू मौन धरतो. रक्तदाब हा तसला आजार आहे. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, आणि आत नसांवर ताण पडतच असतो. दादाला गोळी बंद केल्यावर आठ महिने अगदी बरे वाटत होते. ते बरे वाटणेच फसवे होते. म्हणून यंत्र लावून मोजायचे. गुरू मौनात असला तर त्याच्या जवळ जाऊन बसावे लागते, तसेच हे.

तिसरे वाक्य, "गुरू पाठीशी आहेत, मग औषध कशाला?" याला उत्तर श्रीगुरुचरित्रातच आहे. तेराव्या अध्यायात गोदावरीच्या काठी पोटशूळाने त्रासलेला ब्राह्मण येतो. अन्न पोटात गेले की जीव जाईल अशा वेदना. तो नदीत जीव द्यायला निघालेला असतो. श्रीनृसिंहसरस्वती आधी काय करतात? त्याला पाण्यातून मागे आणवतात. देह टाकून देणे हे मोठे पाप आहे, असे त्याला बजावतात. मग सायंदेवाच्या घरी त्याला पोटभर जेवू घालतात. सायंदेवाला भीतीच वाटते, जेवला तर हा जगायचा नाही. पण गुरूंच्या आज्ञेने तो जेवतो आणि व्याधी जाते.

आपण या कथेतला चमत्कार लक्षात ठेवतो. तो ठेवावाच. पण चमत्काराच्या आधीची पायरी कोणती? "तुझा देह टाकून द्यायचा अधिकार तुला नाही." गोळी बंद करून हळूहळू देह टाकणे आणि नदीत उडी मारून एकदम टाकणे, यात वेगाचाच काय तो फरक. पुढे छत्तिसाव्या-सदतिसाव्या अध्यायांत तर श्रीगुरू गृहस्थाचा आचार सांगतात. पहाटे उठणे, शौच, दंतधावन, स्नान, भोजन, सगळे क्रमाने. ज्यांना देहाची पर्वा नसती, त्यांनी दात कसे घासावे, हात कसे धुवावे हे इतके सविस्तर कशाला सांगितले असते?

इथे माझीही एक फजिती सांगतो, म्हणजे मी फार शहाणा आहे असा कोणाचा समज होणार नाही. दादा गेल्यावर पुढे मलाही साखर निघाली. दादाच्या अनुभवाने मी गोळी कधी चुकवली नाही. पण सप्ताहात नेम केला, वाचन संपेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचे नाही. पहाटे गोळी घेतली आणि बसलो. पाचव्या दिवशी साडेदहाच्या सुमारास दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, पोथीतली अक्षरे सरकू लागली. मला वाटले, काही अनुभूतीच येते आहे! सौभाग्यवतीने तोंडाकडे बघितले आणि पेल्यात साखर ढवळून पाणी पाजले. दहा-पंधरा मिनिटांत जागेवर आलो. डॉक्टर म्हणाले, "अहो, गोळी साखर उतरवते. पोटात काहीच नाही, तर ती उतरवणार कुठपर्यंत? उपवास करायचा असेल तर आधी मला विचारा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका आणि उपाशीपोटी घेऊही नका." तेव्हापासून सप्ताहाच्या पंधरा दिवस आधी मी त्यांच्याकडे जाऊन वेळा ठरवून घेतो. नेमाला बाधा आलेली नाही. वाचनात लक्ष उलट जास्त लागते.

चरकसंहितेत एक फार सुंदर शब्द आहे, प्रज्ञापराध. रोगाच्या मोठ्या कारणांत आचार्यांनी तो मोजला आहे. बुद्धी, धैर्य आणि स्मृती ढळली की माणसाच्या हातून जे चुकीचे घडते, तो प्रज्ञापराध. साध्या भाषेत, कळत असून न वळणे. पापड-लोणच्याने रक्तदाब वाढतो हे कळते. तंबाखूने काय होते हे तर पुडीवरच छापलेले असते. अवधूतांनी माशाला गुरू केला तो याचसाठी. गळाच्या आमिषाला मासा जिभेपायी लागतो. बाकी सगळी इंद्रिये जिंकली, पण जीभ जिंकली नाही, तर काहीच जिंकले नाही, असा त्याचा भाव आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ. म्हणजे सपाट एक चमचा, त्यात सगळे आले. जीभ जिंकणे हे हिमालयात जाऊन करायचे नाही, ताटात वाढलेल्या मिठापासून करायचे आहे.

पण सद्भक्तहो, इथे एक मोठा खड्डा आहे आणि त्यात पडू नये म्हणून थोडे थांबतो. प्रत्येक आजार हा प्रज्ञापराध नसतो. ज्याने उभ्या आयुष्यात विडीला हात लावला नाही, त्यालाही फुप्फुसाचा कर्करोग होतो. श्रीवासुदेवानंदसरस्वती टेंबेस्वामी महाराजांचे चरित्र आपण वाचतो. १८५४ साली माणगावला जन्म, १९१४ साली गरुडेश्वरला समाधी. इतके कडक आचरण, इतकी तपश्चर्या, आणि तरीही संग्रहणीच्या विकाराने त्यांना अनेक वर्षे त्रास दिला. त्यांच्या आजाराला आपण पापाचे फळ म्हणणार का? मग शेजारच्या आजारी माणसाला कोणत्या तोंडाने म्हणतो, "काहीतरी केलं असेल मागच्या जन्मी"? आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याचे कर्म मोजणे ही मला मोठी हिंसा वाटते. काळजी घेणे आपल्या हाती आहे. आजार न होणे आपल्या हाती नाही. पहिले करावे, दुसरे महाराजांवर सोडावे. भार टाकायचा तो इथे. दादाने आणि मी तो चुकीच्या जागी टाकला.

आता वहिनींच्या वाक्याकडे परत येतो. माझा देह माझ्या एकट्याचा आहे, ही समजूतच चूक आहे. मी पडलो तर उचलणार कोण? ज्या घरात एक माणूस अंथरुणाला खिळतो, तिथे दुसऱ्या कोणाचे तरी आयुष्य त्या खाटेला बांधले जाते, आणि ते बहुतेक घरातल्या बाईचे असते. तेव्हा मी रोज सकाळी गोळी घेतो ती जगण्याच्या लोभाने घेतो असे नाही. ती माझ्या बायकोची सेवा आहे असे मानून घेतो.

हे घरापुरतेही नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. तुळशीच्या कुंडीखालची बशी, मनीप्लांटची बाटली, देवघरातले आठवडाभर न बदललेले पाणी. सात-आठ दिवसांत अंड्याचा डास होतो. तो माझ्या खिडकीतून उडतो आणि खालच्या मजल्यावरच्या बाळाला चावतो. मग माझ्या बशीतल्या पाण्याचे पाप कोणाच्या खात्यात? आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी करणे, ही मी गुरुवारच्या पूजेचाच भाग केली आहे.

आपल्या या शहराने हा धडा फार जुन्या काळी घेतलेला आहे. १८९६ साली मांडवी भागात प्लेग आल्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखले. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या नावाची संस्था आजही परळला उभी आहे. लोक लशीला घाबरत होते. त्यांनी आधी स्वतःचा दंड पुढे केला. आधी आचरण, मग उपदेश, हे संतांचे सूत्र तिथेही दिसते.

आज प्लेग नाही. पण महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेबरोबर २०२१ साली मुंबईत पाहणी केली, त्यात साधारण तिघांत एकाला वाढलेला रक्तदाब आणि पाचांत जवळजवळ एकाला मधुमेह आढळला. आरतीला शंभर माणसे उभी असतील तर हिशेब तुम्हीच करा. महापालिकेचे दवाखाने आहेत, २०२२ पासून आपला दवाखानाही सुरू झाला आहे, तिथे मोफत तपासणी होते. पैसे नाहीत ही अडचण काही जणांची खरी असते. आमच्यासारख्या निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची अडचण पैशाची नसते, ती भीतीची असते. "तपासलं तर काहीतरी निघेल." अहो, जे निघेल ते आत आहेच. तपासणीने ते निर्माण होत नाही.

आरोग्य म्हणजे नुसते साखर आणि रक्तदाबाचे आकडेही नव्हेत. सुश्रुताचार्यांनी निरोगी माणसाचे वर्णन करताना दोष, अग्नी, धातू यांच्या समतोलाबरोबर मन, इंद्रिये आणि आत्मा यांची प्रसन्नताही मागितली आहे. त्याला ते 'स्वस्थ' म्हणतात, म्हणजे स्वतःच्या ठायी राहिलेला. आमच्या वयात मुले परदेशी किंवा पुण्याला, जोडीदार गेलेला, दार लोटून दिवसभर बसून राहायचे, हाही एक आजार आहे. त्याची गोळी नाही. मुलुंड पूर्वेच्या चिंतामणराव देशमुख उद्यानात सकाळी आम्ही सहा-सात जण फिरतो. कोणी दोन दिवस दिसला नाही की तिसऱ्या दिवशी त्याच्या घराची बेल वाजवतो. मंदिरातही हेच व्हावे. नेहमीचा माणूस आरतीला दिसला नाही तर कोणीतरी विचारपूस करावी. सत्संगाचा हा भाग आपण विसरत चाललो आहोत.

या दत्तजयंतीला मी स्वतः पाळतो ते चार नेम सांगतो, पटले तर घ्या. एक, गोळी देवापाशी ठेवली आहे. दिवा लावला की गोळी. त्यामुळे विसरत नाही. दोन, प्रसाद कधी नाकारत नाही, पण सुंठवडा असो की पेढा, चिमूटभर घेतो. कणभर प्रसादही पूर्ण प्रसाद असतो. तीन, मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, म्हणून तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालत नाही, सकाळी लवकर घालतो. आणि रात्री झोपताना तळपाय आरशात बघतो, गुरूचे चरण पाहावेत तसे. चार, घरात सगळ्यांना शिकवून ठेवले आहे, तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, तर तेल चोळत बसायचे नाही. लगेच १०८ ला फोन करायचा आणि रुग्णालय गाठायचे. गुठळी विरघळवण्याचे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. दादाच्या वेळी आम्ही सकाळपासून दुपारपर्यंत घालवली.

आता त्या चपलांजवळ उभ्या राहिलेल्या गृहस्थांना काय उत्तर दिले ते सांगून संपवतो. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "गोळी घ्या. गोळी घेऊन मगच पोथीला नमस्कार करा. ज्या देहाने सात दिवस मांडी घालून बसायचं, तो देहही महाराजांनीच दिलाय. तो नीट ठेवणं हा नेमाचाच भाग आहे. आणि डॉक्टरांना न विचारता काही कमी-जास्त करू नका."

ते "बरं काका" म्हणून गेले. त्यांना ते साधे उत्तर वाटले असेल. मी मात्र थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. हे उत्तर मी खरे तर घाटकोपरच्या त्या गॅलरीत द्यायचे होते. तिथे ते दिले गेले नाही. इथे दिले.

दादाच्या चरणी आणि श्रीगुरूंच्या चरणी हा लेख ठेवतो.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥